नातवाच्या अभ्यासातला वॉकर



कार्तिकी एकादशीच्या सुमारास आमच्या दिघीच्या रस्त्यावरून आळंदीकडे जाणाऱ्या वारकऱ्यांची रीघ लागते. त्या आठवड्यात दवाखान्यात पायांचे फोड, सर्दी-पडसे आणि घशाची खवखव यांचेच रुग्ण अधिक असतात. गेल्या कार्तिकीला अशाच गर्दीत माझे एक जुने रुग्ण येऊन बसले. वय ७१. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे टर्नर म्हणून काम करून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे एका गोळीवर १३०/८० च्या आसपास स्थिर आहे. त्या दिवशी मात्र तो १७२/९८ भरला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिला, तरी १५८/९२.

"काका, गोळी चुकली का?" मी विचारले.

"गोळी नाही चुकली, डॉक्टर. हात चुकला. काल नातवावर हात उचलला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा."

मुलगा आणि सून दोघेही चाकणला नोकरीला, त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या. त्यामुळे नातवाचे जेवणखाण, शाळेची वेळ आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी आजी-आजोबांकडे. नातू दहावीत. बीजगणिताच्या वहीत एकही गणित चुकलेले नाही, आणि प्रथम सत्र परीक्षेत ४० पैकी ९ गुण. चौकशी केल्यावर उलगडा झाला. मुलगा गणिताचे छायाचित्र काढून मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला देत असे. क्षणार्धात पायऱ्यांसह उत्तर येई आणि ते वहीत उतरे.

"मी म्हणालो, ही चोरी आहे. तर तो म्हणतो, चोरी नाही आबा, मला खरंच सगळं समजत होतं. वर खोटंही बोलतो म्हटल्यावर माझा तोल गेला."

त्यांना मी त्या दिवशी जे सांगितले, तेच आज आपणां सर्वांना सांगणार आहे. तो मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच सगळे समजल्यासारखे वाटत होते, आणि या प्रकरणातील खरी अडचण तीच आहे.

ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे

लग्नसमारंभात एखादा परिचित चेहरा समोर येतो. आपण त्याला लगेच ओळखतो, हसतो, हात जोडतो. पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. चेहरा ओळखणे हे मेंदूला सोपे असते, कारण निम्मे काम समोरचा चेहराच करतो. नाव आठवणे अवघड असते, कारण ते आतून खेचून आणावे लागते.

अभ्यासाचेही असेच आहे. सोडवलेले गणित वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि मन म्हणते, "हे मला येते." कोऱ्या कागदासमोर बसल्यावर मात्र पहिली पायरीही सुचत नाही. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हा फरक प्रयोगाने दाखवला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर तपासले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. विशेष म्हणजे, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या तयारीविषयी अधिक खात्री वाटत होती.

आठवण्यासाठी जे कष्ट पडतात, त्या कष्टांनीच स्मरण पक्के होते. ते कष्ट यंत्राने परस्पर केले, तर वही पूर्ण होते आणि मेंदू कोरा राहतो. मुलाला याचा पत्ता लागत नाही, कारण समजल्याची भावना तर येऊन गेलेली असते.

एका शाळेतील पाहणी

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर वर्षभरातच तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. नववी ते अकरावीची मुले आणि विषय गणित. शिक्षक वर्गात धडा शिकवत, मग मुले सराव करत. एका गटाला सरावासाठी नेहमीसारखी वही आणि पुस्तक दिले. दुसऱ्या गटाला हे यंत्र जसेच्या तसे दिले. तिसऱ्या गटाच्या यंत्राला बांध घातला होता. उत्तर सांगायचे नाही, फक्त इशारे द्यायचे, आणि मुले कुठे चुकतात याची माहिती शिक्षकांनी आधीच त्यात भरलेली.

सरावात यंत्रवाल्या मुलांनी बाजी मारली. वहीवाल्या मुलांच्या तुलनेत साध्या यंत्राच्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी अधिक आले, तर इशारे देणाऱ्या यंत्राच्या गटाचे १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेऊन सर्वांची परीक्षा घेतली. साधे यंत्र वापरलेल्या मुलांना, यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. इशाऱ्यांच्या यंत्राने हे नुकसान जवळजवळ टळले. मात्र ती मुले वहीवाल्यांच्या पुढेही गेली नाहीत. आणि ज्यांचे नुकसान झाले, त्यांना आपण कमी शिकलो असे वाटत नव्हते.

हे ऐकल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखी अजून पोरं आहेत."

वॉकर आणि व्हीलचेअर

आपल्यापैकी अनेकांनी गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन सोसले आहे, किंवा घरातील कुणाची तरी तशी सेवा केली आहे. ऑपरेशननंतर थोड्याच अवधीत फिजिओथेरपिस्ट हातात वॉकर देऊन उभे करतात. दुखते, भीती वाटते, रागही येतो. व्हीलचेअरवर बसून बाथरूमपर्यंत जाणे कितीतरी सुखाचे असते. परंतु व्हीलचेअरवर महिनाभर बसवलेल्या रुग्णाच्या मांडीचे स्नायू झडतात, आणि मग उत्तम बसवलेला गुडघाही चालत नाही.

वॉकर आधार देतो, पाऊल मात्र आपल्यालाच टाकावे लागते. व्हीलचेअर आपल्याला नेऊन पोहोचवते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र या दोन्ही गोष्टी होऊ शकते. कोणती व्हावी, हे ते कसे वापरले जाते यावर ठरते. दहावीची परीक्षा ही वॉकरही बाहेर ठेवून एकट्याने चालायची वाट आहे. तिथे मोबाइल नाही. प्रश्नपत्रिका, पेन आणि डोके एवढेच.

म्हणून "घरात ते यंत्रच नको" असे मी म्हणणार नाही. त्या मुलाने यंत्र का जवळ केले, हे पुढच्या भेटीत त्याच्याच तोंडून कळले. आजोबांबरोबर तोही आला होता. मान खाली घालून म्हणाला, "क्लासमध्ये साठ पोरं आहेत. शंका विचारली की हसतात. घरी आई-बाबा दमून येतात. याला दहादा विचारलं तरी ते चिडत नाही."

वाचकहो, या वाक्यावर आपण सर्वांनी थोडे थांबले पाहिजे. न हसणारा, न चिडणारा आणि रात्री दहा वाजताही उत्तर देणारा शिकवणारा हवासा वाटणे, यात मुलाचा दोष नाही. ज्या घरात बीजगणित शिकवणारे कुणी नाही, खासगी शिकवणीचे शुल्क परवडत नाही, त्या घराला हे यंत्र मोठा आधार होऊ शकते. नीट न कळलेली संकल्पना तीन प्रकारे समजावून घेणे, सरावासाठी नवे प्रश्न मागणे, इंग्रजी परिच्छेदातील अडलेला शब्द विचारणे, ही कामे ते चांगली करते.

शिक्षक कशासाठी?

हे यंत्र प्रचंड प्रमाणात मजकूर वाचून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत उत्तर तयार करते. समोरचा मुलगा गोंधळला आहे, की कंटाळला आहे, की उपाशी आहे, हे त्याला दिसत नाही. चूकही ते बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे सांगते. त्याने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीच्या मानाने मराठी फार थोडी असल्याने परिभाषेची गल्लतही होते. बालभारतीच्या पुस्तकात "नाभीय अंतर" असते, आणि यंत्र कधी "फोकल लांबी" म्हणते, कधी हिंदी वळणाचा शब्द वापरते.

माझाच अनुभव सांगतो. मधुमेहाच्या रुग्णांसाठी आहाराची पत्रिका सोप्या मराठीत लिहून घ्यावी म्हणून मी अशाच एका यंत्राची मदत घेतली. मजकूर सुरेख होता. त्यात एके ठिकाणी, साखरेऐवजी गूळ घेणे मधुमेहींना सुरक्षित, असे वाक्य होते. गुळानेही रक्तातील साखर वाढते, हे मला ठाऊक असल्याने मी ते वाक्य खोडले. चूक मला दिसली, कारण विषय माझा होता. दहावीच्या मुलाचा विषय अजून त्याचा झालेला नसतो. त्याला चूक कशी दिसणार?

विज्ञानातील एक उदाहरण पाहू. बहिर्वक्र, म्हणजे मध्ये फुगीर, भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे आणि मेणबत्ती १५ सेंटिमीटरवर ठेवली आहे. प्रतिमा कुठे मिळेल? चिन्हांचा संकेत पाळला तर उत्तर येते ३० सेंटिमीटर. वस्तूच्या अंतराचे उणे चिन्ह विसरले तर येते ६. परीक्षेत ६ लिहिणाऱ्या मुलाला यंत्राने आदल्या दिवशी ३० हे बरोबर उत्तर दाखवलेले असू शकते. ते त्याच्या हातात उतरलेले नसते. वर्गातील बाई मात्र वहीवर नजर टाकताच विचारतात, "मेणबत्ती नाभीय अंतराच्या एकपट आणि दुपटीच्या मध्ये आहे ना? मग प्रतिमा दुपटीच्या पलीकडे हवी. तुझी ६ वर कशी आली?" या एका प्रश्नाने मुलगा आकृतीकडे वळतो आणि त्याची चूक त्यालाच सापडते. कोणता प्रश्न, कोणत्या मुलाला आणि केव्हा विचारायचा, हे बाईंना त्या मुलाच्या सहवासातून कळलेले असते.

यंत्र आणि शिक्षक हातात हात घालून चालले, तेव्हा काय घडते याचीही उदाहरणे आहेत. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरची वर्ग-केंद्रे चालवली गेली. तिथे निम्मा वेळ, प्रत्येक मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न देणारे संगणकीय साधन आणि निम्मा वेळ लहान गटात शिकवणारी व्यक्ती, अशी रचना होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साडेचार महिन्यांत मुलांच्या गणितात आणि हिंदीत स्पष्ट सुधारणा दिसली. नायजेरियातील एदो राज्यात २०२४ मध्ये सहा आठवडे शाळा सुटल्यावर मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र देण्यात आले, पण काय विचारायचे आणि आलेल्या उत्तरावर विचार कसा करायचा, हे शिकवायला शिक्षक तिथे हजर होते. तिथेही मुलांची प्रगती झाली, आणि जी मुले अधिक दिवस आली त्यांची अधिक झाली.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर आपणांस ठाऊकच आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. १० लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटली, हेही सर्वांच्या स्मरणात असेल. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. नातवाचे पुस्तक उघडून पाहा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन आपल्याला दिसेल. ती शाळा प्राथमिक आणि ते तंत्र आजच्या यंत्रापेक्षा कितीतरी साधे. परंतु कोणत्या पानावर काय जोडायचे, ते मुलांच्या घरच्या भाषेत कसे आणायचे, हे तिथल्या मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकाने ठरवले होते. म्हणूनच ते उपयोगी पडले.

काकांना हे समजावून सांगावे लागले नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे सीएनसी मशीन आल्या तेव्हा पोरांना वाटलं, आता टर्नरचं काम संपलं. पण मशीनने काढलेला जॉबसुद्धा आम्ही व्हर्नियरने मोजल्याशिवाय पुढे पाठवत नव्हतो. आणि मोजायला येतं कुणाला? ज्याने कधी तरी हाताने जॉब काढलाय त्याला."

आजी-आजोबांनी काय करावे?

"पण मला बीजगणित कुठे येतं?" हा काकांचा पुढचा प्रश्न होता. मी म्हणालो, "येत नाही तेच बरं." ज्याला येत नाही, त्याला समजावून सांगताना मुलाला आतून आठवून, क्रमाने आणि स्वतःच्या शब्दांत मांडावे लागते. ही मेंदूची उत्तम कसरत आहे, आणि तिच्यासाठी लागणारा वेळ घरात सर्वांत जास्त आपल्याकडे आहे. पुढील गोष्टी कोणत्याही घरात करता येतील.

१. आधी स्वतः, मग यंत्र. कोणताही प्रश्न प्रथम पंधरा मिनिटे वहीवर स्वतः सोडवायचा. चुकला तरी चालेल, पण काहीतरी लिहिलेले हवे. त्यानंतरच मोबाइल उघडायचा.

२. यंत्राला बांध घालायचा. मुलाने सुरुवातीलाच यंत्राला असे सांगावे: "मी दहावीचा विद्यार्थी आहे. मला उत्तर देऊ नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. मी चुकलो तर कुठे चुकलो एवढेच सांग, पुढची पायरी मला करू दे." हे वाक्य एका कागदावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा.

३. मोबाइल बाजूला, वही बंद. यंत्राच्या मदतीने शिकलेले गणित त्याच दिवशी संध्याकाळी आणि पुन्हा तीन-चार दिवसांनी कोऱ्या कागदावर करायला लावा. जमले तर ते त्याचे झाले.

४. रोज वीस मिनिटे "मला सांग". जेवणानंतर नातवाने आपल्याला एक मुद्दा समजावून सांगायचा. आपण दोनच प्रश्न विचारायचे: "असं का?" आणि "हे तुला कसं कळलं?" तो अडखळला तर आपण जिंकलो असे मानू नका, आणि हसू तर मुळीच नका. जिथे अडखळला तिथे पेन्सिलीने खूण करा.

५. खुणा शाळेत जाऊ द्या. त्या खुणा केलेल्या शंका दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायच्या. भर वर्गात लाज वाटत असेल तर मधल्या सुटीत, किंवा वहीत लिहून. पालकसभेला आई-वडील जाऊ शकत नसतील तर आपण जा, आणि मूल घरी हे यंत्र वापरते, हे शिक्षकांना मोकळेपणाने सांगा. गृहपाठ इतका बिनचूक कसा, हे त्यांनाही कळू द्या.

६. पुस्तक प्रमाण. व्याख्या, परिभाषा आणि चिन्हांचे संकेत बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून पाहायचे. न जुळल्यास पुस्तक आणि शिक्षक यांचे ऐकायचे.

७. खासगी ते खासगी. यंत्राला घरचा पत्ता, आधार कार्ड, छायाचित्रे किंवा आपले तपासणी अहवाल देऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. नातवाचे खाते कुणाच्या नावाने आहे, एवढे तरी विचारून ठेवा.

डॉक्टर म्हणून चार शब्द

मोबाइल हातात आला की तो अभ्यासापुरता राहत नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या २०२४ च्या 'असर' अहवालात १४ ते १६ वयोगटाला हेच विचारले होते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणून मोबाइल बैठकीच्या खोलीत, सर्वांसमोर आणि ठरलेल्या वेळेपुरताच असावा.

या वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. दिवसा शिकलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. रात्री एकपर्यंत यंत्राशी प्रश्नोत्तरे करणारा मुलगा शिकलेलेच गमावत असतो. झोपण्यापूर्वी निदान एक तास मोबाइल दूर ठेवावा. डोळ्यांसाठी सोपा नियम: दर २० मिनिटांनी, २० फुटांवरील वस्तूकडे, २० सेकंद पाहणे. डोकेदुखी, फळ्यावरचे न दिसणे, डोळे बारीक करून पाहणे, यांपैकी काही आढळल्यास नेत्रतपासणी लांबवू नये.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. काही मुले या यंत्राला गणिताबरोबर मनातले दुःखही सांगू लागतात. नातू गप्प गप्प राहतो, जेवत नाही, झोपत नाही, "माझा काही उपयोग नाही" असे बोलतो, तर त्याला अभ्यासाचा कंटाळा समजून सोडून देऊ नका. जवळ बसा, ऐका आणि डॉक्टरांकडे आणा. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

आणि आपल्यासाठी: यंत्राला विचारून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी कमी-जास्त करू नका. संतापाच्या दिवशी रक्तदाब वाढलेला दिसला, तर मनानेच जादा गोळीही घेऊ नका. शांत बसून पुन्हा मोजा आणि आपल्या डॉक्टरांना कळवा.

चष्म्याचे भिंग

त्या दुसऱ्या भेटीत मी मुलाला एक प्रयोग दिला. "आबांचा वाचायचा चष्मा घे. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धर आणि भिंतीपासून हळूहळू मागे घे." वाचण्याच्या चष्म्याचे भिंग बहिर्वक्र असते. त्याचा क्रमांक अधिक दोन असेल, तर नाभीय अंतर एक भागिले दोन, म्हणजे अर्धा मीटर. भिंतीपासून सुमारे तेवढ्या अंतरावर, किंचित पुढे-मागे केल्यावर, भिंतीवर उजळ खिडकीचे उलटे चित्र उमटते. हा प्रयोग आपल्याही घरी करून पाहा. दिवसा, खोलीतील दिवे मालवून.

महिन्याने काका पुन्हा आले. रक्तदाब १३८/८४. "चित्र आलं, डॉक्टर. उलटं का आलं ते त्याने मला समजावलं. निम्मंच कळलं. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून उरलेलं सांगितलं."

"आणि ते हात उचलण्याचं?" मी विचारले.

ते थोडे घुटमळले. "आजोबाने नातवाची माफी कशी मागायची, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. मी माझा व्हर्नियर त्याच्या हातात दिला. म्हटलं, यंत्राचं उत्तर याने मोजून घेत जा. तो हसला. मग मी म्हटलं, चुकलं माझं."

शाळेतील २० गुणांच्या छोट्या चाचणीत मुलाला ११ मिळाले आहेत. पूर्वपरीक्षा तोंडावर आहे आणि खरी परीक्षा अजून व्हायची आहे. पुढे काय होईल, हे मी सांगू शकत नाही. पण त्या ११ गुणांमधला प्रत्येक गुण त्याचा स्वतःचा आहे, आणि रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटे त्या घरात आजोबा विद्यार्थी असतात.

आपल्याही घरी आज रात्री एक प्रश्न विचारून पाहा: "आज काय शिकलास, मला सांग." आणि मग, उत्तर कितीही लांबले तरी, ऐकत राहा.